हळदीच्या पट्टीने ओळखा शेडमधला अमोनिया

हळदीच्या डागाला साबण लावला की डाग लाल होतो. हळदीतलं कर्क्युमिन हे पिवळं रंगद्रव्य अल्कलीत (साबण, चुना यांसारख्या आम्लारी पदार्थांत) रंग पालटतं. पारंपरिक कुंकूसुद्धा हळदीला चुना किंवा टाकणखार देऊनच करतात. अमोनिया वायूही पाण्यात विरघळला की अल्कली होतो, म्हणून कोंबड्यांच्या शेडमधला अमोनिया याच गुणावर पकडता येतो.

हळकुंड घरीच दळा. बाजारातल्या पुडीत रंग मिसळलेला असेल तर पट्टी फसवते. ५ ग्रॅम पूड ५० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घालून बाटली घट्ट बंद करा, अधूनमधून हलवत तासभर ठेवा. जवळ शेगडी, काडेपेटी नको, हे पटकन पेटतं. वरचं पिवळं पाणी गाळून घ्या, त्यात फिल्टर पेपर बुडवा आणि सावलीत वाळवा. उन्हात कर्क्युमिन फिकं पडतं, म्हणून एक सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापून गडद बाटलीत ठेवा. झेरॉक्सचा कागद वापरू नका. त्यात बहुधा खडूची पूड असते आणि पट्टी ओली करताच स्वतःहूनच लालसर व्हायला लागते.

वापरताना पट्टी डिस्टिल्ड वॉटरने ओली करा. कोरडी पट्टी फारसं काही दाखवत नाही, कारण अमोनिया आधी पाण्यात विरघळावा लागतो. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर तेच रंग बदलतं. पट्टी कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर, पाण्याच्या भांड्याजवळ धरा. गादी, म्हणजे जमिनीवर अंथरलेला भुसा, तिथेच जास्त ओली होते. माणसाच्या उंचीवर घेतलेली चाचणी पक्ष्यांच्या कामाची नाही. दोन-तीन मिनिटं थांबा. शेजारी बाहेरच्या हवेतली दुसरी ओली पट्टी ठेवा, नाहीतर पिवळ्या-तांबूसमधला बारीक फरक कळत नाही.

खरी परीक्षा पुढे आहे. गादीवर चुना मारलेला असेल तर त्याची धूळ बसूनही पट्टी लाल होते. लाल झालेली पट्टी बाहेर मोकळ्या हवेत न्या. अमोनियाचा रंग असेल तर वायू उडून जातो आणि पट्टी हळूहळू पुन्हा पिवळी होते. चुन्याचा डाग मात्र लालच राहतो.

पट्टी प्रमाण सांगत नाही. शेडमध्ये २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर अमोनिया जाऊ देऊ नये, पण हा आकडा मोजायला मीटरच लागतो. पट्टी पिवळी राहिली तरी डोळे चुरचुरत असतील तर डोळ्यांचं ऐका: शेडचे पडदे उघडा, ओली गादी काढून कोरडा भुसा टाका, गळका ड्रिंकर (पाण्याचं भांडं) दुरुस्त करा.