डॉक्टरांनी लिहून दिलेलं खाणं नखरेल मांजराच्या गळी कसं उतरवायचं

‘दोन दिवस दुसरं काही देऊ नका, भूक लागली की झक मारत खाईल.’ डॉक्टरांनी मांजराला किडनी, मूतखडा किंवा अ‍ॅलर्जीसाठी खास खाणं लिहून दिलं आणि ते त्याला तोंड लावेना, की हा सल्ला तुम्हाला मिळणारच. देणाऱ्याने बहुधा आयुष्यात कुत्राच पाळलेला असतो. मांजर दोन-तीन दिवस पोटात काही न जाता राहिलं, त्यातून ते गुबगुबीत असेल, तर अंगातली चरबी यकृतात येऊन साचायला लागते. याला हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात आणि यात मांजर दगावू शकतं. म्हणजे किडनी वाचवायला निघालात आणि यकृत घालवून बसलात. म्हणून सगळ्यात आधी एक नियम ठरवून टाका: 24 तासांत मांजराने काहीच खाल्लं नाही, तर हट्ट सोडायचा, जुनं खाणं पुढे ठेवायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा. पिल्लू असेल किंवा मधुमेहाचं इन्सुलिन चालू असेल, तर एवढीही वाट बघायची नाही.

माझ्याकडे तीन मांजरांना अशी खाणी लागली. एकाला किडनीचं, एकाला मूतखड्याचं, एकाला अ‍ॅलर्जीचं. तिघांत सगळ्यात जास्त छळलं ते गुंडीने, म्हणजे किडनीवालीने.

डॉक्टरांना आधीच विचारून घ्या

बदल हळूहळू करायचा की लगेच? स्ट्रुव्हाइटचे खडे (मूतखड्याचा एक प्रकार) विरघळवायचे असतील तर डॉक्टर घाई करायला सांगू शकतात, किडनीच्या खाण्याला बहुधा सवड असते. सोबत दुसरं काही चालेल का, हेही विचारा. अ‍ॅलर्जीच्या चाचणीत निदान आठ आठवडे फक्त तेच खाणं द्यायचं असतं. ‘एवढासा तुकडा’ दिला तरी चाचणी वाया जाते. घरातल्या प्रत्येकाला हे बजावून ठेवा, कारण तो तुकडा देणारं माणूस घरातलंच असतं.

मळमळ असेल तर सुरुवातच करू नका

किडनीच्या मांजरांना बऱ्याचदा मळमळ असते आणि आपण तिला नखरे म्हणतो. दोन्हींतला फरक नीट बघितलं तर कळतो. नखरेल मांजर वास घेतं, तुमच्याकडे रागाने बघतं आणि निघून जातं. मळमळणारं मांजर वाडगीपाशी उत्साहाने येतं, वास घेतल्याबरोबर ओठ चाटायला लागतं, आवंढे गिळतं, कधी लाळ गळते, आणि मग ते मान फिरवतं. असं दिसलं तर खाण्याचा ब्रँड बदलत बसू नका, डॉक्टरांना सांगा. मळमळीवर मॅरोपिटंट आहे, भूक वाढवायला कानाच्या पाळीला आतून लावायचं मिर्टाझापिनचं मलम आहे. ही औषधं डॉक्टरांनी सांगितली तरच द्यायची, मनाने नाही.

माझी मोठी चूक इथेच झाली. गुंडी सलाइन घेऊन घरी आली, त्याच संध्याकाळी मी कौतुकाने नवा डबा उघडला. पोटात ढवळत असताना जे नाकाखाली आलं, त्याच्यावर मांजर कायमची फुली मारतं. ती चव तिने नंतर कधीच तोंडाला लावली नाही. आणलेले सगळे डबे वाटून टाकावे लागले. मांजर घरी येऊन जुनं खाणं नेहमीसारखं खायला लागेपर्यंत थांबा. चार-पाच दिवसांनी आभाळ कोसळत नाही.

कोमट करून द्या

फ्रीजमधलं थंडगार खाणं कधीच नाही. मांजर आधी नाकाने खातं, त्यामुळे खाणं साधारण 38 अंशांपर्यंत, म्हणजे त्याच्या अंगाइतकं कोमट करा आणि बोटाने ढवळून बघा.

खरी परीक्षा: मिसळणं

‘पहिले तीन दिवस पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण, दहा दिवसांत काम फत्ते.’ हे वेळापत्रक सगळीकडे छापलेलं असतं. सरळ मांजरांना ते चालतही असेल. नखरेल मांजराला पहिल्याच दिवशी पाव भाग म्हणजे तुम्ही त्याचं आवडतं खाणं नासवलंत. गुंडीने वाडगीला तोंडही लावलं नाही. शेजारची फरशी पंजाने खरवडत राहिली, घाण पुरतात तशी. दुसऱ्या दिवशी जुनं खाणं निव्वळ दिलं, तर त्याकडेही संशयाने बघायला लागली. हा खरा धोका. नव्याचा पत्ता नाहीच, वर जुन्यावरचा विश्वासही उडतो.

म्हणून पहिले काही दिवस मिसळूच नका. जुनं खाणं नेहमीच्या वाडगीत, नेहमीच्या जागी. त्याच्यापासून हातभर अंतरावर बशीत चमचाभर नवं. बोलायचं नाही, बोटाला लावून तोंडाशी न्यायचं नाही, समोर बसून टक लावून बघायचं तर मुळीच नाही. अर्ध्या तासाने बशी उचला. गुंडी चार दिवस बशीला वळसा घालून गेली. पाचव्या दिवशी तिने वास घेतला, सहाव्या दिवशी एकदा जीभ लावली. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून बघत होते, आणि तेवढ्यावर मला नाचावंसं वाटलं.

बशीतलं सलग दोन दिवस संपलं की मगच मिसळायला घ्या, आणि तेही वजनकाट्यावर मोजून. अंदाजाने घातलेला ‘थोडासा’ रोज वेगळा असतो आणि मांजराला तो बरोबर कळतो. 100 ग्रॅम जुन्या ओल्या खाण्यात 5 ग्रॅम नवं, नीट कालवून. तीन दिवस खाल्लं तर तेवढंच जुनं कमी करून नवं 10 ग्रॅम. वाडगीत उरायला लागलं की एक पायरी मागे या आणि तिथे आठवडाभर थांबा. कोरड्या दाण्यांमध्ये ही युक्ती चालत नाही, कारण मांजर जुने दाणे वेचून खातं आणि नवे कडेला ओळीने मांडून ठेवतं. तिथे दोन वाडग्याच ठेवा आणि जुन्यातले दाणे हळूहळू कमी करा.

अर्ध्यावर आलात की गाडी अडणार, हे धरून चाला. तोवर जुना वास वरचढ असतो, इथे नवा होतो. या टप्प्याला आम्हाला अठरा दिवस लागले. एकदा मी वैतागून एका दिवसात नवं खाणं 50 टक्क्यांवरून 80 वर नेलं आणि पुन्हा 20 पासून सुरुवात करावी लागली.

आणि या खाण्यात औषधाची गोळी कुटून घालू नका. कितीही सोपं वाटलं तरी नाही. एक कडू घास गेला की सहा आठवड्यांची मेहनत गेली. गोळी वेगळी, वेगळ्या वेळी, वेगळ्या खोलीत.

अडलंच तर

ब्रँड बदलण्याआधी पोत बदलून बघा. एकाच औषधी खाण्यात लगदा, रश्शातले तुकडे आणि कोरडे दाणे असे प्रकार मिळतात, आणि लगदा हुंगून निघून जाणारं मांजर तुकडे चाटूनपुसून खाऊ शकतं. वरून कोमट पाणी घातलं तरी वास खुलतो. सूप किंवा रस्सा मनाने घालू नका. त्यात बहुतेक वेळा मीठ असतं, कांदा-लसूण असतो, आणि कांदा-लसूण मांजराला विषारी आहे.

दर आठवड्याला वजन करा. आधी स्वतःचं, मग मांजर कडेवर घेऊन, ही पद्धत 100-200 ग्रॅमचा फरक पकडत नाही. लहान बाळांचा काटा वापरा. चार किलोच्या मांजराचं 400 ग्रॅम वजन उतरणं म्हणजे शरीराचा दहावा हिस्सा गेला. तिथपर्यंत पोचायच्या आधीच डॉक्टरांकडे जा.

गुंडी शेवटी 70 टक्क्यांवर अडली आणि तिथून हलली नाही. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, फॉस्फरस (किडनी बिघडली की रक्तात वाढतो तो) आटोक्यात आहे, उरलेलं 30 टक्के तिचं तिला खाऊ द्या.