चांदरचं ब्रागांझांचं घर बघायला जाताना

फोंड्यात राहत असल्यामुळे देशावरून येणाऱ्या पाहुण्यांना गोवा दाखवायचं खातं माझ्याकडे आहे. मंगेशी आणि समुद्र झाला की मी त्यांना सासष्टीत चांदरला ब्रागांझा घराण्याचं जुनं, मोठं घर बघायला नेते. आता भाचरं आपली आपणच निघतात आणि वाटेतून फोन करून विचारत बसतात, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मडगावहून अर्धा-पाऊण तास धरा. चर्चसमोरच्या चौकाची एक अख्खी बाजू या घराने व्यापलेली आहे, त्यामुळे पत्ता विचारावा लागत नाही. सकाळी दहानंतर जा. दुपारी एक ते तीन कुणाच्याच दारी जाऊ नये, गोव्यात तर नाहीच नाही. ६ जानेवारीला गावात तीन राजांची फेस्त, म्हणजे चर्चचा सण, असते. फेस्त बघायची तर त्या दिवशी अवश्य जा, पण घर निवांत बघायचं असेल तर दुसरा दिवस निवडा.

घर बाहेरून एक दिसतं, आत दोन आहेत. वारसांत वाटणी झाली आणि पश्चिमेची बाजू मिनेझिस ब्रागांझांकडे, पूर्वेची ब्रागांझा परेरांकडे गेली. दोन्ही बघायच्या, आणि देणगी दोन्हीकडे वेगवेगळी द्यायची. ‘आत्ताच तिकडे दिले की’ असं पुण्याच्या एका पाहुण्याने म्हटलं होतं, तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. छपराची कौलं, वाळवी, चार महिन्यांचा पाऊस, हे सगळं घरच्यांनाच निस्तरायचं असतं. सुट्ट्या नोटा जवळ ठेवा.

इथे माणसं राहतात, हे लक्षात ठेवून वागा. हाक मारा, कुणी येईपर्यंत थांबा. फोटोचं दोन्ही बाजूंना वेगळं विचारा, नाही म्हटलं तर मोबाइल पिशवीत. खुर्चीवर बसायचं नाही, पाठीवरची सॅक पोटावर घ्यायची. मकावमार्गे आलेली चिनी मातीची भांडी हाताच्या अंतरावर असतात आणि सॅकला डोळे नसतात.

पूर्वेच्या बाजूला नाचाचा मोठा दिवाणखाना आहे. तिथे शिरताच सगळे माना वर करून झुंबरं बघतात. बघा, पण मग नजर खाली आणा. पोर्तुगालचा राजा दों लुईश याने भेट दिलेल्या दोन उंच पाठीच्या खुर्च्या तिथे आहेत, घराण्याचं चिन्ह कोरलेल्या. त्यांच्यासमोर नुसतं पाच मिनिटं उभं राहा. मग बाकीच्या खोल्यांतल्या साध्या खुर्च्या बघा. बैठकीला वेताची जाळी. दमट हवेत गादीला बुरशी धरते, वेतातून वारा खेळतो. थाट युरोपचा असला तरी हवामान आपलंच, हे त्या जाळीत दिसतं. घरातल्या कोपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, संत फ्रान्सिस झेवियरचं नख आहे म्हणतात, रत्नजडित कुपीत. आमच्या आत्याने तिथे आपसूक हात जोडले.

पश्चिमेकडे माझा जीव ग्रंथालयात अडकतो. हजारो पुस्तकं आहेत. लुईश द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) या घरचे. ‘ओ एराल्दो’ हे दैनिक १९०० साली सुरू झालं त्यात त्यांचा हात होता, आणि १९३० मध्ये पोर्तुगिजांच्या कायदेमंडळात त्यांनी गोव्याच्या स्वयंनिर्णयाचा ठराव मांडला. पणजीची इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा त्यांच्याच नावाची. एवढं वाचून गेलात तर कपाटांपुढून भराभरा पुढे सरकणार नाही. याच राजकारणापायी घरच्यांना १९५० मध्ये गोवा सोडावा लागला. गोवा मुक्त झाल्यावर, १९६२ मध्ये ते परतले. मालक नसताना एवढं सामान टिकलं कसं, हे दाखवणाऱ्यालाच विचारा.

विचारायचं काय, यावर सगळी फेरी अवलंबून असते. ‘याची किंमत किती असेल हो?’ म्हटलंत की समोरच्याचं तोंड मिटलंच म्हणून समजा. आत्याने विचारलं, “एवढं सगळं पुसायला किती दिवस लागतात हो?” त्यावर दाखवणारी बाई हसली आणि पावसाळ्यात लाकूड कसं फुगतं, कुठली खिडकी मग उघडतच नाही, हे सांगत आम्हाला पुन्हा मागच्या खोलीत घेऊन गेली. एरवी तिथून आम्ही दोन मिनिटांत निघालो असतो.

दोन्ही बाजू मिळून दीड तास तरी हाताशी ठेवा. नंतर वेळ असेल तर गावातच कोट म्हणतात त्या भागात जा. चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, कदंब राजांची राजधानी. इतिहास संशोधक फादर हेरास यांनी १९२९ मध्ये तिथे उत्खनन केलं होतं. मस्तक नसलेला दगडी नंदी उघड्यावर आहे. भर उन्हात पोरांना नेऊ नका, सावली नाही. जेवण मडगावला परतल्यावरच करा.