जाड भिंतींच्या घरात वायफाय: आधी मोजा, मग राउटर हलवा

आतल्या खोलीत रेंज नाही म्हटलं की बहुतेक जण केबलवाल्याला फोन करतात, नाहीतर ऑनलाइन ‘बूस्टर’ मागवतात. त्याआधी एवढंच ठरवा: दुखणं लाइनचं आहे की वायफायचं? लॅपटॉपला लॅन केबल लावून स्पीड टेस्ट करा. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर ९० च्या आसपास मिळत असेल तर लाइन ठीक आहे. केबलवरच २० मिळत असेल तर राउटर कुठेही ठेवा, फरक पडणार नाही, तक्रारच करा. फायबरच्या बॉक्सवर ‘एलओएस’चा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला असेल तर फायबर तुटली किंवा दुमडली असण्याची शक्यता जास्त. मोबाइलवर टेस्ट करताना मोबाइल डेटा बंद ठेवा, नाहीतर मोजायला गेलात वायफाय आणि मोजला गेला सिमचा नेट, असं होतं.

आता सिग्नल. अँड्रॉइडवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं एखादं अ‍ॅप घ्या आणि लोकेशन चालू ठेवा. आकडा डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीचं एकक), उणे चिन्हासह येतो. शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६५ पर्यंत व्हिडिओ कॉल निर्धास्त चालतो, उणे ७० च्या खाली अडखळतो, उणे ८० ला फोन जोडलेला दिसतो पण पान उघडत नाही. १० चा फरक किरकोळ समजू नका, ताकद तिथे दहापट कमी झालेली असते. प्रत्येक खोलीत, जिथे खरोखर बसता तिथेच, अर्धा मिनिट थांबून मोजा. दार उघडं ठेवून एकदा, लावून एकदा.

सोलापुरातल्या बाळीवेस, कसबा भागातल्या जुन्या घरांत दगड-मातीच्या जाड भिंती असतात. घरचं वायफाय बहुधा दोन बँडवर (लहरींच्या पट्ट्यांवर) चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. तिथे ५ गिगाहर्ट्‌झ एका भिंतीतच दम तोडतो, २.४ पलीकडे पोचतो, पण हळू. घरालगत लूमचा (यंत्रमागाचा) शेड असेल तर पत्रा आणि लोखंड सिग्नल अडवतात. अशा घरात राउटर टीव्हीच्या कपाटात किंवा लोखंडी कपाटामागे ठेवणं म्हणजे निम्मी लढाई तिथेच हरणं. पाच-सहा फूट उंचीवर, घराच्या मध्याजवळ, दारांच्या रेषेत ठेवा. अँटेना उभ्या ठेवा. वरच्या मजल्यावरही सिग्नल हवा असेल तर एक आडवी करून पाहा, कारण सिग्नल अँटेनाच्या टोकातून नाही, तिच्या चहूबाजूंनी पसरतो.

जुळे सोलापूरच्या अपार्टमेंटमध्ये मात्र अडचण भिंतीपेक्षा शेजाऱ्यांची. सिग्नल उणे ५५ आणि तरी रात्री नऊनंतर नेट रांगतंय, तर २.४ वर गर्दी आहे. अ‍ॅपमध्ये १, ६ आणि ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल (बँडमधली मार्गिका) बघून राउटरच्या सेटिंगमध्ये तोच पक्का करा, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवा. मधला ३ किंवा ४ निवडू नका, दोन्हीकडच्यांशी टक्कर होते. राउटरच्याच खोलीतल्या टीव्हीला आणि फोनला ५ गिगाहर्ट्‌झवर टाका.

एवढं करूनही आतली खोली कोरडीच राहिली तर पैसे वायरवर घालवा. साधा एक्स्टेंडर, म्हणजे तोच ‘बूस्टर’, तोच सिग्नल एकाच बँडवर ऐकतो आणि पुढे पाठवतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. आणि मुळात सिग्नल नसलेल्या खोलीत लावला तर त्याच्या हातातच काही पडत नाही. त्याऐवजी मुख्य राउटरपासून कॅट ६ केबल ओढा. केबल शुद्ध तांब्याची मागा, स्वस्तात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची गळ्यात मारतात. विजेच्या वायरला खेटून नेऊ नका. टोकाला जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये लावा, म्हणजे तो केबलवरून आलेला नेट फक्त वायफायने पसरवतो. तो मोड नसेल तर आधी त्याचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) बदला, म्हणजे मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर हा १९२.१६८.१.२, मग डीएचसीपी (फोन-लॅपटॉपला असे पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि केबल वॅन (बाहेरून नेट येण्याच्या) नाही, लॅन पोर्टमध्ये घाला. डीएचसीपी चालू राहिला तर दोघेही पत्ते वाटत बसतात आणि नेट मध्येच जातं. नाव-पासवर्ड दोन्हीकडे एकच, चॅनेल वेगळा.

लाइट गेल्यावर नेट हवा असेल तर मिनी यूपीएस घेण्याआधी अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. फायबरचा बॉक्स आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप लागतो.