दुचाकीच्या सीटचं रेक्झिन फाटलं तर पॅच की नवीन कव्हर? नवीन कारागिरांसाठी

सीट कव्हरच्या कामात नवीन आलेल्या पोरांना मी लगेच मशीनवर बसवत नाही, आधी फाटलेली सीट पुढ्यात ठेवतो आणि कुठून फाटलीय, कशाने फाटलीय ते बघायला लावतो, कारण अर्धं काम तिथंच ठरतं. मधल्या भागात चावी लागून, सामान बांधायच्या दोरीचा हूक अडकून नाहीतर पार्किंगमधल्या मांजराच्या नखाने पडलेली बारीक चीर असेल तर पॅच मस्त बसतो. पण शिलाईच्या रेषेवर गेलं असेल तर नादी लागू नका, सुईच्या भोकांनी तिथलं रेक्झिन आधीच कमजोर असतं आणि माणूस बसला की ताणही तिथंच येतो, मग चिकटवलेल्याच्या शेजारून परत उसवतं. तसंच चिरेजवळ बोटाने दुमडून बघा. रेक्झिन मऊ ठेवणारं द्रव्य उन्हाने हळूहळू उडून जातं, दुमडल्यावर बारीक तडे दिसले तर कव्हर बदला म्हणून गिऱ्हाईकाला सरळ सांगायचं.

आता फोम. पावसाळ्यात एवढ्याशा चिरेतून पाणी आत जातं, सीट वरून कोरडी दिसते आणि बसलं की पॅन्ट ओली. ओल्या फोमवर काही केल्या गोंद धरत नाही. सीट काढून उलटी करा, त्या बाजूच्या स्टेपल पिना उचका, कव्हर सैल करा आणि फोम पूर्ण वाळू द्या, गिऱ्हाईक कितीही घाई करू दे.

साफसफाईत कंटाळा नको. चमक यावी म्हणून लोक सिलिकॉनवालं पॉलिश मारतात, तो थर असेपर्यंत कुठलाच गोंद टिकत नाही, म्हणून आधी साबणाचं पाणी, मग स्पिरिटचं फडकं. थिनर अजिबात नको, रंग आणि वरचे दाणे दोन्ही जातात.

पॅच आतून लावायचा. जुन्या जीन्सचा तुकडा चिरेपेक्षा सगळीकडून इंचभर मोठा घ्या आणि कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा आधी सुटतो. कव्हर सैल केलंच असेल तर काम सोपं, नाहीतर चिमट्याने आत सरकवून सपाट करायचा. व्हिनाइलचा, म्हणजे रेक्झिनला चालणारा लवचिक गोंद पातळ लावून कडा एकमेकींना नुसत्या भिडवा, एकीवर एक चढवू नका. झटपट चिकटणारा गोंद इथं चालत नाही, तो वाळून कडक होतो आणि रेक्झिन वाकताना त्याच्या कडेनेच नवीन चीर पडते.

वर प्लॅस्टिकचा कागद टाकून वजन ठेवा, रात्रभर हात लावू नका. सकाळी चिरेवरून नख हलकं फिरवा, अडकलं तर गोंदाचा अजून एक पातळ हात द्या आणि तो वाळल्याशिवाय गाडी देऊ नका.