हेवी क्रीम उघडल्यावर किती दिवस चालतं, आणि खराब झालंय हे ओळखायचं कसं

रेसिपीला लागतं अर्धा कप क्रीम, पॅक येतो मोठा, मग उरलेलं फ्रिजमध्ये जातं आणि पाच-सहा दिवसांनी कोणीतरी तो पॅक फिरवून फिरवून तारीख शोधत बसतं. तारखेला अजून पंधरा दिवस आहेत म्हणजे चांगलंच असणार! तर नाही. ती तारीख असते बंद पॅकसाठी. एकदा झाकण उघडलं की तिचा फारसा उपयोग नाही, तिथून पुढचे दिवस आपणच मोजायचे.

आधी पॅक कुठला आहे ते बघा

साधं पाश्चराइज्ड क्रीम पहिल्यापासून फ्रिजमध्येच ठेवावं लागतं आणि उघडल्यावर साधारण ५ ते ७ दिवस नीट राहतं. अल्ट्रा पाश्चराइज्ड क्रीम जास्त तापमानाला, म्हणजे १३८ अंश सेल्सिअसच्या आसपास दोनेक सेकंद तापवलेलं असतं, त्यामुळे बंद असताना ते बरेच आठवडे टिकतं आणि उघडल्यावरही आठवडाभर, कधी दहा दिवसांपर्यंत जातं. तिसरा प्रकार यूएचटी (म्हणजे खूप जास्त तापमानाला तापवून सीलबंद केलेला) टेट्रापॅक, जो बंद असेपर्यंत बाहेर कपाटातही राहतो. पण गंमत अशी की लोकांना वाटतं हे बाहेर टिकतं म्हणजे उघडल्यावरही दणकट असेल, आणि तसं अजिबात नसतं. त्याची सगळी ताकद त्या सीलबंद पॅकिंगमध्ये असते, ते कापलं की ते बाकीच्या क्रीमसारखंच नाजूक. पॅकवर 'उघडल्यानंतर इतक्या दिवसांत वापरा' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते माझ्या वरच्या आकड्यांपेक्षा कमी असेल तर पॅकवरचंच ऐका.

फ्रिजमध्ये जागा नीट निवडा

क्रीमला ४ अंश किंवा त्याहून कमी तापमान लागतं. फ्रिजच्या दाराला बाटल्यांसाठी मस्त जागा असते आणि सगळे तिथेच ठेवतात, पण दार दिवसातून कितीतरी वेळा उघडतं आणि दरवेळी तिथलं तापमान वर-खाली होतं, म्हणून क्रीम आत मागच्या बाजूला ठेवा, फक्त मागच्या भिंतीला एकदम चिकटवून नको कारण काही फ्रिजमध्ये तिथे गोठतं.

उघडल्या दिवशीच दोन कामं करा

मार्करने पॅकवर तारीख लिहा, कारण "परवाच तर उघडलं" यावर माझा तरी विश्वास नाही. दुसरं म्हणजे झाकण घट्ट लावा. टेट्रापॅक कात्रीने कापला असेल तर उरलेलं क्रीम गरम पाण्याने धुतलेल्या, पूर्ण कोरड्या काचेच्या बरणीत ओता. क्रीममध्ये ३६ टक्के किंवा जास्त फॅट असतं आणि फॅट आजूबाजूचे वास पटकन ओढून घेतं, कापलेला कांदा शेजारी उघडा असेल तर दुसऱ्या दिवशी केकच्या क्रीमला कांद्याचा वास! वापरलेला चमचा परत आत घालायचा नाही, आणि भांड्यात काढलेलं उरलं तर ते मूळ पॅकमध्ये परत ओतायचं नाही.

बाहेर राहिलं तर किती वेळ चालतं? जास्तीत जास्त दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. फेटलेल्या क्रीमलाही हाच नियम. रात्रभर ओट्यावर राहिलं असेल तर वास कितीही चांगला येऊ दे, टाकून द्या. उकळून घेतलं की झालं असं काही जण म्हणतात, पण काही जीवाणूंनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही.

आता मुख्य प्रश्न, खराब झालंय का

पॅक फुगलेला दिसला तर उघडायच्या भानगडीतच पडू नका. नाहीतर झाकण काढून आधी वास घ्या. चांगल्या क्रीमला हलका दुधाळ, किंचित गोडसर वास असतो. आंबट वास म्हणजे जीवाणूंनी लॅक्टिक अ‍ॅसिड बनवायला सुरुवात केली. खवट किंवा साबणासारखा वास आला तर आतलं फॅट बिघडलंय. झाकणाच्या आतल्या कडेला वाळलेलं क्रीम कधीकधी वेगळंच वास मारतं, म्हणून थोडं स्वच्छ वाटीत काढून मग ठरवा.

बरं, गुठळ्या दिसल्या की घाबरून अख्खा पॅक ओतून देणारे खूप आहेत आणि इथे थोडं थांबायला हवं. वर सायीसारखा जाड थर येणं किंवा बाटलीच्या तोंडाशी घट्ट गोळा बसणं हे नॉर्मल आहे, फॅट हलकं असल्यामुळे वर येतं आणि थंडीत घट्ट होतं. ओळखायचं असं, ती गुठळी बोटात धरून चोळा. फॅट असेल तर बोटांच्या उबेने मऊ होऊन लोण्यासारखं पसरेल. फाटलेलं असेल तर दाणे दाणेच राहतील, आणि वाटीत बाजूला पातळसर पाणी सुटलेलं दिसेल. हलवूनही ते एकजीव होत नसेल तर विषय संपला. कॉफीत फाटलं म्हणून मात्र लगेच निकाल देऊ नका, कडक गरम आणि आंबट कॉफीत बरं क्रीमही कधीकधी फाटतं.

गुलाबी, पिवळसर, हिरवा, काळा कुठलाही डाग दिसला तर सगळंच टाका, वरचं चमच्याने काढून खालचं वापरणं नको. आणि चव घेऊन बघणं हे सगळ्यात शेवटी, वास आणि रूप दोन्ही ठीक असेल तरच. आंबट झालेलं क्रीम म्हणजे फुकटात सावर क्रीम मिळालं, असंही बरेच जण समजतात, पण सावर क्रीममध्ये ठरावीक कल्चर, म्हणजे मुद्दाम निवडलेले जीवाणू, घातलेलं असतं, इथे कोण वाढलंय ते आपल्याला माहीत नसतं. शिवाय लिस्टेरियासारखा जीवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि वासाने कळत नाही, त्यामुळे घरात गरोदर बाई, अगदी लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर दिवस उलटून गेलेलं क्रीम वासावर भरवसा ठेवून देऊ नका.

संपणार नसेल तर फ्रीझ करा

आणि हे ताजं असतानाच करा, सातव्या दिवशी आठवण येऊन उपयोग नाही. बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवायचं, मग क्यूब हवाबंद पिशवीत भरायचे, तीनेक महिने चांगले राहतात. सूप, सॉस, पास्ता यात थेट टाकता येतात. वितळवायचं असेल तर रात्रभर फ्रिजमध्ये, ओट्यावर नाही. वितळल्यावर थोडं दाणेदार दिसतं कारण गोठताना फॅटचे कण फुटून एकमेकांना चिकटतात, ढवळलं की बरंचसं सुधारतं, पण ते नीट फेटलं जाणार नाही. फेटलेलं क्रीमच फ्रीझ करायचं असेल तर बटर पेपरवर छोटे छोटे गोळे घालून गोठवा.

टाकायची वेळ आलीच तर एवढं फॅट सिंकमध्ये ओतू नका, पाइपात थिजून बसतं. पॅक बंद करून पिशवीत घाला आणि कचऱ्यात टाका.