पणजोबांची ब्राँझची चकती घासायला घेताय? या चुका टाळा

खंडेनवमीला कोयत्या-विळ्यांशेजारी पाटावर ताम्हणाएवढी एक जड चकती मांडलेली. आजींनी सकाळीच चिंच-मीठ लावून ती लखलखीत केलेली. "पणजोबांचं पदक," म्हणून त्यांनी हातात दिली. सिंह ओळखू आला, पण नावाची अक्षरं बोटाला जेमतेम लागत होती. दर दसऱ्याला थोडी थोडी झिजली होती ती.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्यासाठी मेलेल्या सैनिकांच्या घरच्यांना ही स्मृतिचकती मिळे. व्यास सुमारे १२ सेंटिमीटर, एकूण नग १३ लाखांहून अधिक. ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री), सिंह, दोन डॉल्फिन सगळ्यांवर तेच. वेगळं असतं फक्त नाव. तेही कोरलेलं नाही, ओतीव आहे, उठावाचं. घासलं की आधी तेच जातं. म्हणून चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर यांतलं काहीही लावू नका. काळपट तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे. कोरड्या मऊ फडक्याने पुसलं की पुरे. फिकट हिरवी पूड सुटत असेल तर मात्र क्षार धातूला आतून खात आहेत असं समजा. चकती कोरड्या जागी वेगळी ठेवा आणि संग्रहालयात जतनाचं काम करणाऱ्या माणसाला दाखवा. भिंतीवर टांगायला भोक पाडू नका, हे सांगावं लागू नये. पण भोकं पाडलेल्या चकत्या दिसतात.

आता 'पदक' या शब्दाबद्दल. हे शौर्यपदक नाही. आजाराने किंवा कैदेत मेलेल्यांच्या घरीही चकती गेली. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी आजच्या इराकमधल्या कूट इथे तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या. एप्रिल १९१६मध्ये शरणागती झाली आणि त्यानंतर कैदेत पुष्कळ शिपाई मेले. तेव्हा चकती आहे म्हणून 'लढताना पडले' असं परस्पर लिहून टाकू नका.

सिंहाच्या मागच्या पायाजवळचा बारीक आकडा अनेकजण शिपाईनंबर समजतात. तो कारखान्यातला आहे. चकतीवर हुद्दा नाही, पलटणही नाही. मेल्यावर सगळे सारखे, म्हणून मुद्दामच गाळलेले. पलटण हवी असेल तर चकती ठेवलेल्या पेटीत युद्धाचं गोल पदकही आहे का बघा. त्याच्या कडेवर नंबर, नाव, पलटण ठोकलेली असते. भारतीय शिपायांच्या बाबतीत या दोन वस्तूंना जास्तच मोल आहे, कारण इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर त्यांच्यापैकी बहुतेकांची नावं कोरलीच नाहीत. पलटणीखाली नुसता मृतांचा आकडा.

आणि युद्धातल्या मृतांच्या यादीत नाव शोधताना आजचं स्पेलिंग धरून बसू नका. आजींच्या चकतीवर मी मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा, कडेने धरला, तेव्हा सावलीत अक्षरं उभी राहिली. इंग्रजीत 'सिंदे' होतं. घरात सगळे शिंदे.