मानेकडे नको, खुरांकडे बघा: कोवळ्या घोड्याचं ड्रेसाज ओल्या वाळूवर

चार वर्षांच्या घोड्याला ड्रेसाजचं (स्वाराच्या बारीक इशाऱ्यांवर तोलात, तालात चालण्याच्या शिक्षणाचं) वळण लावताना स्वाराची नजर मानेवरच खिळते. मान कमानदार झाली की काम फत्ते, असा समज. खरं काम मागच्या पायांत असतं आणि ते तपासायला गोव्याच्या किनाऱ्यासारखी पाटी दुसरी नाही.

सुकतीच्या वेळी पाणी ओसरलेली टणक, ओली वाळू निवडा. खूर थोडासा रुतावा, बस्स. वरच्या भुसभुशीत वाळूत ट्रॉट (दुडकी चाल) नकोच, कोवळ्या कंडरांवर ताण येतो. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठच्या आत आटपा. दमट हवेत घाम वाळत नाही, घोडा तापतो. पावसाळ्यात किनाऱ्याचा नाद सोडून सरावाचं मैदान गाठा.

खुंटीला 10 मीटर दोरी बांधून 20 मीटर व्यासाचं रिंगण आखा. किनारा समुद्राकडे उतरता असतो, म्हणून जागा शक्य तितकी सपाट हवी आणि दोन्ही हातांवर, म्हणजे डाव्या आणि उजव्या दोन्ही दिशांनी फिरताना, काम सारखं हवं.

पहिली 10 मिनिटं लगाम सैल सोडून वॉक (साधी चाल). मग खाली उतरून ठसे बघा. मोकळ्या वॉकमध्ये मागचा खूर पुढच्याच्या ठशापलीकडे पडायला हवा. मागे पडत असेल तर पाठ आखडलेली आहे, घोडा आळसावलाय किंवा तुमचा हात त्याला अडवतोय. बहुतेकदा हातच. सगळं करूनही तसंच राहिलं, तर खोगीर टोचतंय का, पाय दुखतोय का, ते आधी पाहा.

आता रायझिंग ट्रॉट, म्हणजे तालावर खोगिरातून उठत-बसत केलेला ट्रॉट. (आतला म्हणजे रिंगणाच्या मध्याकडचा, बाहेरचा म्हणजे त्याच्या उलट बाजूचा.) घोड्याचा बाहेरचा खांदा पुढे जाताना उठा, मागे येताना बसा. लगाम इतकाच धरा की तोंड हलकं जाणवत राहील. आतल्या पोटरीने घोड्याला बाहेरच्या लगामाकडे ढकला. आतला लगाम ओढून वळवू नका. ओढलात की मानच वळते, मागचा भाग रिंगणाबाहेर घसरतो. वाळू लगेच चुगली करते: मागच्या खुरांचे ठसे पुढच्यांच्या रेषेबाहेर दिसतात. अशा वेळी आतला हात ढिला करा, बाहेरची पोटरी थोडी मागे ठेवून मागचा भाग सावरा आणि रिंगण मोठं करा.

खोगिरावर हे कळायचं कसं? वॉकमध्ये डोळे मिटा (मोतद्दाराने घोडा धरलेला असावा). आतला मागचा पाय पुढे येतो तेव्हा त्या बाजूची तुमची बैठक किंचित खाली जाते आणि घोड्याचं पोट बाहेर झुलतं. पोटरीचा इशारा त्याच क्षणी द्यायचा. पाय टेकून त्यावर भार आल्यावर दिलेला इशारा वाया जातो, कारण तो पाय तेव्हा पुढे येऊच शकत नाही. मग स्वार टाच जोरात मारतो आणि घोडा बधिर होतो.

ट्रॉट जमला की खरी परीक्षा. रिंगणावर असतानाच लगाम बोटांतून हळूहळू सरकू द्या. बरोबर चालणारा घोडा नाक पुढे काढून मान खाली लांबवतो, ताल तोच ठेवतो, पाठ तुमच्याखाली उचलल्यासारखी वाटते, बरेचदा फुरफुरतोसुद्धा. लगाम हिसकला तर तो हातावर रेलून होता. वेग वाढवला तर तोल पुढच्या पायांवर होता. मान गोल ठेवून तसाच राहिला आणि नाक उभ्या रेषेच्या आत, छातीकडे ओढलेलं असलं, तर तो लगामापासून पळतोय. सगळ्यांत फसवं हेच, कारण हात हलके लागतात आणि फोटो छान येतो. उपाय म्हणजे हात पुढे, पोटरी चालू, नाक बाहेर येईपर्यंत पुढे चाला. लगाम आखडून मान बांधणारे जुगाड कोवळ्या घोड्याला अजिबात नकोत.

कामाचा भाग 20 मिनिटं पुरे, मध्ये वॉकच्या विश्रांती घेत. शेवटी 10 मिनिटं वॉक. घरी येताच पाय, पोट आणि खुरांचे तळवे गोड्या पाण्याने धुवा. कातडी सामानही ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा आणि मग तेल लावा. खारं पाणी शिवण खातं.